नवरात्रात रात्री घराबाहेर पडताना: खान्देशात नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी

आमच्या गल्लीत दर वर्षी एक-दोन नवी कुटुंबं येतात. कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बदलून आलेलं. घट बसले की दुसऱ्या-तिसऱ्या माळेला शेजारीण विचारायला येतेच, "ताई, गरब्याला कुठे जायचं? मुलांना घेऊन पायी जाता येईल ना? रात्री उशीर झाला तर?" मी लग्न होऊन जळगावात आले त्याला २२ वर्षं झाली. या प्रश्नांची उत्तरं दारात उभ्या उभ्या देऊन झाली, म्हणून आता सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे. उदाहरणं जळगाव-धुळ्याकडची आहेत, पण नंदुरबार, चोपडा, अमळनेर, भुसावळ, कुठेही असलात तरी चालतील.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. अंधारात समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा तुम्हाला अर्ध्या किलोमीटरवरून दिसतो. त्यामुळे मनात आपोआप येतं, की त्यालाही आपण दिसत असू. तो तुम्हाला बघतच नसतो. त्याच्यासमोर दिव्याचा एक तुकडाभर उजेड असतो आणि त्याच्या पलीकडे काळोख. खाली लिहिलेली प्रत्येक गोष्ट याच एका कारणासाठी आहे.

आधी दिवसा चालून या

घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी, घरापासून गरब्याच्या मैदानापर्यंत किंवा देवीच्या मंदिरापर्यंतचा रस्ता एकदा चालून या. गाडीवरून नको, पायी. गाडीवरून उघडं गटार दिसत नाही, चेंबरचं झाकण सरकलेलं दिसत नाही, खांबावरचा दिवा बंद आहे हे तर दिवसा कोणाच्या लक्षातही येत नाही. शक्य असेल तर त्याच दिवशी संध्याकाळी सात वाजता पुन्हा एक फेरी मारा. आश्विनात आपल्याकडे सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि सातला पूर्ण अंधार झालेला असतो.

मांडव पडले की रस्ते बदलतात हेही लक्षात ठेवा. बऱ्याच कॉलन्यांमध्ये मांडव अर्धा रस्ता अडवतो. मग सगळी वाहतूक उरलेल्या अर्ध्यातून जाते आणि पायी माणूस कडेच्या नालीला चिकटून चालतो. मांडवाचे बांबू आणि ताणलेले दोर गुडघ्याच्या उंचीवर असतात. लहान मूल त्यात हमखास अडखळतं. म्हणून पहिल्या माळेला मोठ्यांपैकी एकाने पुढे जाऊन बघून यावं आणि जास्त लांबचा असला तरी कमी गाड्यांचा रस्ता निवडावा. आमच्या घरून मैदान सात मिनिटांवर आहे. आम्ही मागच्या गल्ल्यांमधून बारा मिनिटं चालतो.

चंद्राचाही हिशोब करा. नवरात्र शुक्ल पक्षात येतं, म्हणून लोकांना वाटतं चांदणं असेल. पहिल्या तीन-चार माळांना चंद्र दिवेलागणीनंतर तासा-दोन तासांत मावळून गेलेला असतो. अष्टमी-नवमीलाही मध्यरात्र उलटली की तो जातो. त्यामुळे पहाटे चार वाजता देवीला निघालात तर नऊच्या नऊ दिवस आकाशात चंद्र नसतो. कोजागिरीला रात्रभर चांदणं मिळतं, पण ते पुढच्या आठवड्यात.

वेळ ठरवून निघा आणि वेळ ठरवून परता

ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे रात्री दहाला लाउडस्पीकर बंद होतो. ठरावीक काही दिवस मात्र बारापर्यंत परवानगी मिळते. ते दिवस त्या त्या जिल्ह्यात जाहीर होतात, पेपरात येतात. याचा रस्त्याशी काय संबंध? असा, की आवाज बंद झाल्यावर पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत सगळं मैदान एकाच वेळी रस्त्यावर येतं. पार्किंगमधून शेकडो गाड्या एकदम सुरू होतात, तरुण मुलं अंगातल्या जोशात गाड्या पळवतात, रिक्षा कशाही वळतात. लहान मुलं असतील तर आरतीला या, दोन फेऱ्या खेळा आणि साडेनऊला निघा. नाहीतर गर्दी पांगेपर्यंत अर्धा तास मैदानातच बसा. बरोबर दहाच्या ठोक्याला मात्र मुलांना घेऊन फाटकातून बाहेर पडू नका.

अकरानंतर रस्त्यावर गाड्या कमी होतात आणि वेग वाढतो. प्यायलेले चालकही तेव्हाच निघतात. त्या वेळी मुलांसोबत हमरस्त्याने पायी चालायचं मी तरी टाळते. ओळखीचा रिक्षावाला सांगून ठेवते.

कपडे, रेडियम आणि ओढणी

नऊ दिवसांचे नऊ रंग पाळायची हौस सगळ्यांनाच असते, मलाही आहे. पण करडा, गडद हिरवा, गडद निळा हे रंग रात्री डांबरी रस्त्यावर काळेच असतात. गाडीचा दिवा खाली असेल तर गडद कपड्यातला माणूस चालकाला साधारण २५-३० मीटरवर आल्यावर कळतो. पांढरे कपडे असतील तर याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावरून. आणि प्रकाश परतवणारी पट्टी अंगावर असेल तर शंभर-सव्वाशे मीटरवरून चमकते.

आता गाडीचा हिशोब बघा. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते. माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक-दीड सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर तिथेच संपले. त्यानंतर गाडी उभी राहायला आणखी २०-२५ मीटर लागतात. गडद घागऱ्यातल्या मुलीसमोर त्या चालकाचा पाय जेमतेम ब्रेकवर पोहोचतो. मनातून तो कितीही सावध असला तरी.

ही पट्टी आपल्याकडे रेडियम म्हणून मिळते. नंबरप्लेट करून देणाऱ्या दुकानात किंवा गाडीचे सुटे भाग विकणाऱ्याकडे "पांढरं रेडियम द्या, चमकणारं" म्हणा, हातभर पट्टी थोडक्या पैशात देतो. दुकानातून बाहेर पडण्याआधी मोबाइलचा टॉर्च डोळ्यांच्या जवळ धरून पट्टीवर मारून बघा. पट्टी आरशासारखी लखलखली पाहिजे. नुसतं चकाकणारं रंगीत स्टिकर दिलं असेल तर त्याचा उपयोग नाही, बदलून घ्या.

लावायची कुठे? बहुतेक जण पाठीवर किंवा पर्सवर लावतात. तिथेही लावा, पण आधी घोट्याजवळ. गाडीचा खालचा दिवा पायांवरच पडतो, आणि चालताना पाय हलत असल्याने चमकणारी खूण वरखाली होते, तेव्हा चालकाला लगेच उमगतं की हे माणूस आहे. मी दर वर्षी जुन्या इलास्टिकवर पट्टी शिवून प्रत्येकाच्या पायात घालायचे कडे करते. मुलांना ते पैंजणासारखं वाटतं, घालायला कुरकुर करत नाहीत. चपलेच्या टाचेला, टिपरीच्या टोकांना आणि आजोबांच्या काठीलाही एकेक तुकडा चिकटवते.

ओढणीबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे. पाचेक वर्षांपूर्वी सहाव्या माळेला माझी धाकटी जाऊ दीरांच्या मागे मोटरसायकलवर एका बाजूला पाय टाकून बसली होती. चणिया-चोळी, ओढणी गळ्याभोवती घेऊन एक टोक मागे सोडलेलं. मी मागच्या स्कूटरवर होते. ते मोकळं टोक वाऱ्यावर दोनदा उडालं आणि तिसऱ्यांदा खाली गेलं ते वर आलंच नाही. मागच्या चाकात गुंतलं. तिचं डोकं एकदम मागे ओढलं गेलं आणि हात गळ्याकडे गेले. तिच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही, त्यामुळे दीरांना काही कळलंच नाही. मी हॉर्न दाबून धरला, ओरडले, शेजारून जाणाऱ्या एका भाऊने हात आडवा करून त्यांना थांबवलं. ओढणी जुनी होती, फाटली, म्हणून ती वाचली. गळ्यावरचा लाल पट्टा दसऱ्यानंतरही दिसत होता.

तेव्हापासून आमच्या घरात गाडीवर ओढणी अंगावर नसते, पिशवीत असते. मैदानात गेल्यावर घ्यायची, निघताना काढायची. घागऱ्याचा घेर दोन्ही बाजूंनी गोळा करून मांडीखाली दाबायचा, आत लेगिंग असतेच. गाडीला साडीगार्ड आहे का ते बघा. नव्या गाडीला असतं, पण बरेच जण दिसायला बरं नाही म्हणून काढून टाकतात. ते परत बसवून घ्या.

पायी चालताना

फुटपाथ असेल तर फुटपाथवरून. नसेल, किंवा त्यावर पाणीपुरीच्या गाड्या लागलेल्या असतील, तर रस्त्याच्या उजव्या कडेने चाला. बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं, कारण "डावीकडून जा" हे आपल्या कानात लहानपणापासून बसलेलं आहे. ते गाड्यांसाठी आहे. उजवीकडून चाललात की तुमच्या बाजूची गाडी तुमच्या तोंडासमोरून येते, तुम्हाला दिसते आणि वेळ पडली तर कडेला सरकता येतं. डावीकडून चाललात तर ती पाठीमागून येते. समोर आंधळं वळण असेल तेवढ्यापुरतं आधीच पलीकडे जा, वळण संपलं की परत या.

चौघं-पाचजण असाल तर गप्पांच्या नादात रस्ताभर पसरू नका. एक मोठं माणूस पुढे, एक मागे, मुलं मध्ये आणि रस्त्यापासून लांबच्या बाजूला. पुढच्याच्या हातात टॉर्च असावा आणि तो जमिनीकडे धरावा, चालकाच्या डोळ्यांत मारू नये. दिपलेल्या माणसाला दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही. मुलांचं मनगट धरा. घामेजलेली बोटं सुटतात, मनगट सुटत नाही. आणि हेडफोन घरी ठेवा, मोठ्यांचेसुद्धा.

महामार्ग ओलांडताना

जुना सहा नंबरचा, आताचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर असा आख्ख्या खान्देशातून जातो. जळगावात तर खोटेनगरपासून अजिंठा चौफुलीपर्यंत त्याच्या दोन्ही अंगांना वस्ती आहे आणि इच्छादेवीचं मंदिर याच महामार्गाला लागून आहे. नवरात्रात तिथे बायाबापड्यांची रीघ लागते आणि शेजारून सुरत-नागपूरचे ट्रक धावत असतात. नव्या माणसाला हा रस्ता गावातला रस्ता वाटतो. ट्रकवाल्यासाठी तो महामार्गच असतो, तो पंधरा तासांपासून त्याच्यावर गाडी चालवत आलेला असू शकतो.

ओलांडायची जागा सिग्नलची, भुयारी मार्गाची किंवा पोलीस उभा असलेली निवडा, त्यासाठी दोनशे पावलं जास्त चालावी लागली तरी. दुभाजकावरून उडी मारून जाऊ नका. लोक जातात, त्यांचं बघून मुलंही जातात. झाडं लावलेल्या दुभाजकामागून एकदम पुढे आलेलं मूल चालकाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

रस्ता दोन वेळा ओलांडायचा आहे असं समजा. आधी अलीकडची बाजू, मग दुभाजकाच्या मोकळ्या जागेत थांबून पलीकडची. सर्व्हिस रोडवर मात्र दोन्ही दिशांना बघा. कागदावर तो एकेरी असला तरी उलट्या बाजूने येणारी मोटरसायकल तिथे असतेच, आणि बऱ्याचदा दिवा न लावता.

एखादा ट्रक किंवा एसटी तुम्हाला बघून थांबली आणि चालकाने हात केला, तरी लगेच धावू नका. तिच्या पलीकडच्या लेनमधून येणाऱ्याला तुम्ही दिसत नसता. थांबलेल्या गाडीच्या कडेपर्यंत या, डोकं काढून पलीकडे बघा, मग पुढे. उभ्या ट्रकच्या अगदी नाकासमोरून लहान मुलाला नेऊ नका. त्या उंच केबिनमधून खाली जवळ उभं असलेलं मूल दिसत नाही.

नऊ-दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग जोखता येत नाही. दिवा लांब आहे एवढंच त्यांना कळतं. त्यामुळे "बघून ये" म्हणून अशा मुलाला एकटं पलीकडे पाठवू नका, दुकान समोर असलं तरी.

दुचाकीवर

चालकाच्या मागे एकच माणूस, कायदा एवढंच म्हणतो. मोडला तर १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स जातं. सणाला नवरा-बायको आणि दोन मुलं एका गाडीवर हे दृश्य नेहमीचं आहे, कोणाची हौस म्हणून नाही, घरात एकच गाडी असते म्हणून. आमच्याकडेही एकच होती. आम्ही तीन फेऱ्या करायचो. पहिल्या फेरीत मी, तिथे मी थांबायचे. दुसऱ्या फेरीत हे धाकट्याला आणि तिसऱ्या फेरीत थोरलीला घेऊन यायचे, तोवर मुलं आजीजवळ. थोडा वेळ जास्त जातो.

चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवं. चार वर्षांखालच्या मुलासाठी २०२३ च्या फेब्रुवारीपासून वेगळा नियम आहे: मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि वेग ताशी ४० च्या आत. मोठ्यांचं हेल्मेट लहान डोक्यावर ठेवून उपयोग नाही, पडताना ते आधी निघून जातं. मुलाला पुढे टाकीवर किंवा स्कूटरच्या पायठेव्यावर उभं करू नका. ब्रेक लागला की त्याचं तोंड हँडलवर आपटतं. टिपऱ्या हातात धरून मागे बसायचं नाही, पिशवीत आडव्या ठेवायच्या.

आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात "जा, बहिणीला घेऊन ये" म्हणत स्कूटीची किल्ली देऊ नका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

चारचाकीचं थोडक्यात: मैदानापासून लांब लावा आणि चालत या, निघताना कोंडी होत नाही. मुलांना फुटपाथच्या बाजूने उतरवा. गाडी मागे घेताना एकाने खाली उतरून मागे उभं राहावं, कारण मागच्या चाकाशी बसून बांगड्या वेचणारी पोर आरशात दिसत नाही.

मैदानात मूल हरवलं तर

निघताना दारात प्रत्येक मुलाचा उभा फोटो काढा. घाबरलेल्या आईला आज कोणत्या रंगाचा कुडता घातला होता तेही आठवत नाही. पेनने मुलाच्या मनगटावर आतल्या बाजूला फोन नंबर लिहा आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, नाहीतर घामाने पुसून जातो. नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका. नाव घेऊन हाक मारणाऱ्याला मूल ओळखीचं समजतं.

भेटायची जागा ठरवताना "गेटवर" म्हणू नका, मैदानाला तीन-चार फाटकं असतात. "पाण्याच्या टाकीखाली", "स्टेजच्या डाव्या पायरीपाशी" असं सांगा आणि मुलाला तिथे नेऊन दाखवा. मुलाला एवढं शिकवा: आई दिसेनाशी झाली तर मैदानाबाहेर, रस्त्यावर शोधायला जायचं नाही. आतच थांबायचं आणि माइकवाल्या काकांकडे, पोलीस ताईकडे किंवा लेकरू कडेवर असलेल्या एखाद्या मावशीकडे जायचं. हरवलेलं मूल बहुतेक वेळा गाडी लावली होती तिकडे निघतं, म्हणून दोघांपैकी एकाने आधी फाटकांवर जावं आणि दुसऱ्याने माइकवर. पाच मिनिटांत नाही सापडलं तर ११२ ला फोन करा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे.

खेड्यातून परतताना

पाटणादेवी, मनुदेवी, किंवा कोणाच्या गावची देवी, असं करत एखाद्या रात्री तुम्ही गावाकडच्या रस्त्याने परताल. तिथे दिव्याचे खांब नाहीत आणि आश्विन म्हणजे सुगी. डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागात मका किंवा सोयाबीन वाळत घातलेलं असतं आणि धान्यावर गाडी जाऊ नये म्हणून कडेने दगड मांडलेले असतात. दिवसा ते दिसतात. रात्री पिवळा मका आणि करडे दगड दिव्यात एकाच रंगाचे होतात. धरणगावकडून येताना आमची गाडी अशा दगडाच्या वीतभर आधी थांबली होती, ती सुद्धा वेग तीसच्या आसपास होता म्हणून.

शेतकऱ्यावर चिडून काय होणार? पूर्वीसारखी खळी आता राहिली नाहीत आणि पावसाचा भरवसा नसतो. रस्ता हीच त्याच्याजवळची कोरडी जागा आहे. म्हणून वेग आपणच कमी ठेवायचा. रात्री गावच्या रस्त्यावर दुचाकीने ४० च्या वर जाऊ नका. ४० ला गाडी २५-३० मीटरमध्ये थांबते, आणि दिव्यात साधारण तेवढंच दिसतं.

कापसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या याच दिवसांत सुरू होतात. कापसाने भरलेली ट्रॉली मागून पाहिली तर काळा डोंगर असतो, लाल दिवा नाही, रेडियम नाही. समोरून एखाद्या गाडीचा प्रकाश येत असेल तर दोघांच्या मधली ट्रॉली अजिबात दिसत नाही. डोळे दिपले की वेग कमी करा, नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा. माझे सासरे प्रत्येक ट्रॉलीवाल्याला थांबवून सांगायचे, "ओ जिभाऊ, मांगे लाल दिवा लावा ना!" आणि डिक्कीतून रेडियमचा तुकडा काढून स्वतः चिकटवून द्यायचे. कोणी कधी नको म्हटलं नाही. मीही आता एक गुंडाळी गाडीत ठेवते.

पहाटे अनवाणी देवीला

धुळ्यात पांझरेच्या काठी एकवीरेला, जळगावात इच्छादेवीला, बाया पहाटे तीन-चारपासून निघतात. बऱ्याच जणी नऊ दिवस अनवाणी चालतात. शेजारणी तुम्हालाही बोलावतील. जा, फार छान वाटतं. मात्र अनवाणी माणसाची नजर सतत पायाखाली असते, खडा आहे का, काच आहे का, आणि समोरून येणाऱ्याकडे लक्ष राहत नाही. म्हणून ज्या घोळक्यात एक तरी बाई चपला घालून, टॉर्च घेऊन, फक्त रस्त्याकडे बघत पुढे चालेल, त्याच घोळक्यात जा. आमच्यात रोज पाळी लावलेली आहे. ज्या दिवशी ज्या बाईची पाळी, तिने त्या दिवशी चप्पल घालायची, देवी रागावत नाही.

पहाटे तीन ते पाच ही वेळ चालकांच्या पेंगण्याची. तुम्ही झोप काढून ताज्या असता, तो रात्रभर जागा असतो. महामार्गाच्या डांबरावर पाऊल ठेवू नका, सर्व्हिस रोड किंवा आतला रस्ता घ्या. उपवास असेल तर निघताना केळं आणि पाणी घ्या. चक्कर येऊन रस्त्यावर बसलेली बाई अंधारात उभ्या बाईपेक्षाही कमी दिसते.

चैत्रात खान्देशातून हजारो लोक सप्तशृंगीला पायी निघतात, उन्हामुळे बरंचसं रात्री चालतात. त्यांच्याबरोबर जायचं मनात असेल तर मंडळाची गाडी घोळक्याच्या मागे, लुकलुकणारे दिवे लावून चालते का हे आधी विचारा. नसेल तर दुसरं मंडळ बघा.

अपघात दिसला किंवा झाला तर

आधी स्वतः रस्त्याच्या बाहेर या. मग तुमच्या गाडीचे चारी इंडिकेटर लावा आणि एकाला चाळीस-पन्नास पावलं मागे, रस्त्याच्या कडेला, टॉर्च हलवत उभं करा. पडलेल्या माणसावर दुसरी गाडी जाण्याचा धोका असतो. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका मागवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ आहे, पोलिसांसाठी ११२. जागा सांगताना "जळगावच्या पुढे" एवढं पुरत नाही. कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, पेट्रोलपंपाचं किंवा ढाब्याचं नाव सांगा, आणि रुग्णवाहिका येईल त्या वळणावर एक माणूस उभा करा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड, ओढणी, काहीही घडी करून जखमेवर दाबून धरा आणि सारखं उचलून बघू नका. श्वास अडकत नसेल तर हेल्मेट काढायला जाऊ नका, मान हलते. पाणी पाजू नका. नंतर शस्त्रक्रिया करावी लागली तर पोटातलं पाणी अडचणीचं होतं, आणि बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकतं.

पोलीस-कोर्टाच्या भीतीने मागे फिरू नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर, त्या मदतीत काही चुकलं म्हणून दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. दवाखान्यात पोहोचवून तुम्ही निघून जाऊ शकता, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. जखमीच्या फोनवर शेवटचा कॉल ज्याला केला असेल त्याला कळवा, आणि घरचं कोणी येईपर्यंत शक्य असेल तर थांबा. सणासुदीला बाहेरगावी पडलेल्या माणसाजवळ बहुतेक वेळा कोणीच नसतं.